मूत्राशय, सेरोटोनिन आणि गोरेगावचे एक औषध



मुंबईच्या उपनगरांत, मग ते घाटकोपर असो की मुलुंड, अंधेरी असो की बोरिवली, गॅलरीच्या कठड्यावर भल्या सकाळी वाळत घातलेल्या गादीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सहा-सात वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते. आई घाईघाईने चादर पाण्यात टाकते, शेजारीण पाहून न पाहिल्यासारखे करते आणि मूल मान खाली घालून शाळेत जाते. वडील रागावतात, कधी हातही उगारतात. आजी एखादा नवस बोलते. शाळेची सहल, मामाकडचा मुक्काम किंवा हिवाळी शिबिर यांचा विषय निघाला की घरात शांतता पसरते. मुलाला जायचे असते, आईला पाठवायचे असते. कारण मात्र कोणी उच्चारत नाही.

त्याच घरात आजोबा रात्रीतून चार वेळा उठत असतात आणि त्याचा दोष वयाला देऊन मोकळे होतात. सून बोरिवलीहून लोकलने चर्चगेटला जाते. तास-सव्वातासाच्या या प्रवासात गाडीत सोय नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. खोकला आला, जोराने हसू आले तर कपड्याची काळजी करावी लागते, हे ती नवऱ्यालाही सांगत नाही. तीन पिढ्या आणि एकच अवयव. तरीही या तिघांचे कधी आपापसांत बोलणे होत नाही. कारण मधुमेहाविषयी, रक्तदाबाविषयी आपल्याकडे चारचौघांत बोलता येते, लघवीविषयी नाही. आजचे विवेचन या अवयवाविषयी आणि त्याच्यावर अंमल चालविणाऱ्या एका रसायनाविषयी आहे. त्या रसायनाच्या इतिहासातील एक पान याच उपनगरांत, गोरेगावात लिहिले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रथम मूत्राशय. ती केवळ एक पिशवी आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती स्नायूंची पिशवी आहे आणि तिला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. दिवसाचा बहुतेक काळ तिने सैल राहायचे, आत लघवी साठत असतानाही दाब वाढू द्यायचा नाही; आणि योग्य वेळ येताच संपूर्ण भिंतीने एकसाथ आकुंचन पावून ती रिकामी व्हायची. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली जाणीव होते. भिंतीचा स्नायू सैल असतो तेव्हा खालचा, द्वार आवळून धरणारा स्नायू घट्ट असला पाहिजे, आणि भिंत आवळली जाताना द्वार सैल झाले पाहिजे. ही अदलाबदल चुकली की माणूस एकतर ओला होतो, नाहीतर त्याची लघवी अडते.

ही अदलाबदल कोण करतो? कंबरेच्या खालच्या भागातील मज्जारज्जूतून निघणारे मज्जातंतू मूत्राशयाला आकुंचनाची आज्ञा देतात. थोड्या वरच्या भागातून येणारे तंतू त्याला सैल ठेवतात. आणि तिसऱ्या तंतूंचा संच द्वाराच्या स्नायूला आवळून धरतो. या सर्वांवर मेंदूच्या बुंध्यातील एका केंद्राची हुकमत चालते. बॅरिंग्टन या इंग्रज शल्यवैद्याने १९२० च्या दशकात मांजरांवरील प्रयोगांतून ते केंद्र दाखवून दिले. तान्ह्या बाळात हा व्यवहार बव्हंशी आपोआप चालतो. पुढे मेंदू हळूहळू त्याच्यावर ताबा मिळवितो. दिवसाचा ताबा आधी मिळतो, रात्रीचा नंतर. रात्रीचा ताबा मिळण्याचे वय प्रत्येक मुलाचे सारखे नसते. कोणाचे दात लवकर येतात, कोणाचे उशिरा, आणि उशिरा दात आलेल्या मुलाला कोणी चोप देत नाही.

आता सेरोटोनिन. १९३० च्या दशकात इटलीत एर्स्पामेर या शास्त्रज्ञाला आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींत एक द्रव्य आढळले. त्याच्या प्रभावाने गुळगुळीत स्नायू आकुंचन पावत. त्याने त्याला ‘एंटेरामीन’ म्हटले. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘सेरोटोनिन’ हे नाव दिले. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे चार वर्षांनी कळले. १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग आणि पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे प्रसिद्ध केले, आणि मग सारे चित्र पालटले. वर्तमानपत्री लिखाणात सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के आतड्यात असते, काही रक्तातील बिंबिकांत साठते आणि मेंदूच्या वाट्याला अगदी थोडे येते. मूत्रनलिकेच्या अस्तरातही ते साठविणाऱ्या पेशी आहेत. आनंदाशी संबंध असलेल्या द्रव्याचा लघवीशी काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर असे की त्याचा मूळ व्यवसायच स्नायूंना आणि तंतूंना निरोप पोहोचविण्याचा आहे.

सेरोटोनिनचा आणि मुंबईचा संबंध त्याच सुमारास, पण वेगळ्याच वाटेने आला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि आपली निरीक्षणे १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्या निबंधाने जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य काढले. १९५५ मध्ये अमेरिकेतील ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की रेसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मनावर परिणाम करणारे औषध आणि मेंदूतील एक ठरावीक रसायन यांचा धागा इतक्या स्पष्टपणे प्रथमच हाती लागला होता. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईकरांना या माणसाचे नाव सांगून पाहावे. दहातले नऊ जण गप्प राहतील.

ज्या सिबाने रेसर्पिन वेगळे काढले, तिनेच १९६३ मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र उघडले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी त्याचे पहिले संचालक झाले. कंपनी परदेशी होती हे खरे. परंतु बाहेरच्या रेणूच्या गोळ्या पाडणे एवढेच त्या केंद्राचे काम नव्हते. तेथे भारतीय शास्त्रज्ञ नवे रेणू घडवीत होते, आणि त्या काळात अशी जागा देशात फारच थोड्या ठिकाणी होती. तेथे जन्मलेल्या रेणूंच्या क्रमांकापुढे ‘गो’ ही अक्षरे लागत. ती गोरेगावची. डॉ. कुप्पुस्वामी नागराजन यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ ज्या चमूत होते, त्याच्या कामातून ‘सिबा २३३०-गो’ हा रेणू पुढे आला. त्याचे शास्त्रीय नाव नायट्रॉक्साझेपिन आणि बाजारातले नाव सिंटामिल.

हे औषध उदासीनतेच्या विकारावरचे. त्याचे काम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दोन मज्जापेशींच्या सांध्यात सेरोटोनिन सोडले जाते, निरोप पोहोचतो आणि मग सोडणारी पेशी ते पुन्हा आत ओढून घेते. हे ओढून घेणे रोखले की सेरोटोनिन सांध्यात अधिक काळ राहते. १९५६-५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी उदासीनतेवर उपयोगी ठरविलेले गायगी कंपनीचे इमिप्रामिन हेच करते. नॉरअॅड्रिनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचेही ते तसेच करते. नायट्रॉक्साझेपिन त्याच जातकुळीचे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची इमिप्रामिनशी तुलना करणाऱ्या चाचण्या केल्या. (सिबा आणि गायगी १९७० मध्ये एकत्र झाल्या, तेव्हा रेसर्पिनची आणि इमिप्रामिनची घरे एक झाली, हा एक योगायोग.)

आता या कथेतील खरी गंमत. इमिप्रामिन घेणाऱ्या रुग्णांना लघवी धरून ठेवता येते, नव्हे कधी कधी ती सुटतच नाही, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९६० मध्ये मॅक्लीन यांनी अंथरूण ओले करणाऱ्या मुलांवर त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि मनाच्या विकारावरचे औषध मूत्राशयाच्या तक्रारीवरचे औषध झाले. गोरेगावच्या सिंटामिलच्या वापरातही उदासीनतेबरोबर मुलांच्या रात्रीच्या लघवीचा समावेश झाला. म्हणजे कठड्यावर गादी वाळत पडणाऱ्या उपनगरांतच त्या गादीवरचा एक उपाय तयार झाला होता.

हा उपाय नेमका कोठे लागू पडतो? सोपे उत्तर असे दिले जाई की या औषधांनी तोंड कोरडे पडते, तसाच मूत्राशयाचा स्नायूही ढिला पडतो. मूत्राशयाला आकुंचनाची आज्ञा देणारा मुख्य संदेशवाहक अॅसिटिलकोलीन. इमिप्रामिन त्याच्या आड येते, हे बरोबर. परंतु नायट्रॉक्साझेपिनविषयी असे नोंदले गेले की तोंड कोरडे पडण्यासारखे त्याचे दुष्परिणाम इमिप्रामिनपेक्षा कमी आहेत. मग अॅसिटिलकोलीनला कमी अडविणारे औषधही अंथरूण कोरडे ठेवत असेल, तर सगळे श्रेय स्नायूच्या ढिलेपणाला देता येणार नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण संशयाची सुई मज्जारज्जूकडे वळते.

आणि मज्जारज्जूत सेरोटोनिनची मोठी वर्दळ आहे. मेंदूच्या बुंध्याच्या मध्यरेषेवर सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके आहेत. त्यांचे लांब तंतू मज्जारज्जूतून खाली उतरतात आणि कंबरेखालच्या ज्या भागातून मूत्राशयाला आज्ञा जातात, तेथे पोहोचतात. मांजरांत हे पुंजके विजेने उद्दीपित केले की मूत्राशयाचे आकुंचन थांबते, हे १९८० च्या दशकात दिसून आले. १९९५ मध्ये थोर आणि कॅटोफिआझ यांनी मांजरांना ड्युलॉक्सेटिन दिले. तेही सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन सांध्यात टिकवून धरणारे औषध. चिडचिड्या झालेल्या मूत्राशयाची धारणशक्ती त्याने वाढली, आणि द्वार आवळणाऱ्या स्नायूची हालचालही कित्येक पटींनी वाढली. तीही लघवी साठत असताना, बाहेर पडताना नव्हे. युरोपात २००४ मध्ये खोकताना-हसताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्या कारणासाठी ती कधीच मिळाली नाही. मळमळीमुळे अनेकजणी ते मध्येच सोडतात, आणि मनावर होणाऱ्या परिणामांकडेही डॉक्टरांना लक्ष ठेवावे लागते.

येथपर्यंतची कहाणी सरळ वाटते : सेरोटोनिन वाढले, लघवी थांबली. निसर्ग इतका सरळ नाही. सेरोटोनिन हा किल्लीसारखा आहे असे मानले, तर शरीरात त्याची कुलपे अनेक आहेत. या कुलपांना ‘ग्राही’ म्हणतात. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून ग्राही निदान दोन प्रकारचे असल्याचे सांगितले; आज त्यांचे सात गट आणि चौदाच्या आसपास प्रकार मानले जातात. एकच किल्ली, पण एका कुलपाने दार उघडते आणि दुसऱ्याने बंद होते.

प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या भिंतीची एक छोटी पट्टी ३७ अंश तापमानाच्या क्षारद्रावणात टांगतात, द्रावणातून ऑक्सिजन सोडतात आणि पट्टीचा ताण मोजतात. तीत सेरोटोनिनचे थेंब टाकले की काय होते? पट्टी कोणाची यावर ते अवलंबून असते. काही सस्तन प्राण्यांत दुसऱ्या गटातील ग्राहींमार्फत स्नायू थेट आकुंचन पावतो. सशात तिसऱ्या गटातील ग्राही मज्जातंतूंच्या टोकांवर बसून आकुंचनाचा निरोप जोरदार करतात. माणसाच्या पट्टीत हे काम चौथ्या गटातील ग्राही करतात : ते तंतूच्या टोकातून अधिक अॅसिटिलकोलीन सोडवितात आणि आकुंचन वाढते. आता माणसाचा जवळचा नातलग म्हणून माकड घ्यावे, तर त्याच्यात हाच चौथा ग्राही आकुंचन कमी करतो, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मज्जारज्जूतही तोच घोळ. पहिल्या गटातील एका ग्राहीला चेतविणारे द्रव्य उंदरात लघवीची क्रिया सुलभ करते आणि मांजरात ती रोखते. उंदराची लघवीची तऱ्हाच निराळी आहे. त्याचे द्वार झपाट्याने उघडमीट करते आणि लघवी तुषारांनी बाहेर पडते.

म्हणजे माणसाच्या बाबतीत सेरोटोनिन वर, मज्जारज्जूत, बहुतांशी धरून ठेवण्याच्या बाजूने असते आणि खाली, मूत्राशयाच्या भिंतीत, सोडण्याच्या बाजूने. याचा पडताळा औषधांनीच दिला. सिसाप्राइड हे पोटाचे औषध चौथ्या ग्राहीला चेतवून आतड्याची हालचाल वाढवीत असे. ते घेणाऱ्यांपैकी काहींना वारंवार लघवी होऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. (हृदयाच्या ठोक्यांवरील घातक परिणामांमुळे भारतात त्याच्यावर २०११ मध्ये बंदी आली, ते कारण वेगळे.) उदासीनतेवरील नव्या गोळ्या केवळ सेरोटोनिन टिकवून धरतात, त्यांनीही काही रुग्णांचे अंथरूण कोरडे होते, तर काहींना पूर्वी नसलेला त्रास सुरू होतो. तेव्हा आजीला अशी गोळी नव्याने सुरू झाली आणि महिन्याभरात लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना तारखांसह सांगितले पाहिजे. गोळी आपल्या मनाने बंद करणे मात्र तितकेच चुकीचे.

आपल्या ग्रंथांचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. शार्ङ्गधराने बालरोगांत शय्यामूत्र गणले आहे. चरकाने सूत्रस्थानाचा सातवा अध्याय नैसर्गिक वेग दाबून न धरण्यावर लिहिला आणि त्यात मूत्रवेगाचाही समावेश केला. यावरून त्यांना सेरोटोनिन ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह आवरावा; तसे म्हणून त्यांचा मोठेपणा वाढत नाही. अंथरूण ओले करणे हा खोडीचा नव्हे, रोगाचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले, आणि शिकलेल्या घरांना ते अजून पुरते ओळखता आलेले नाही, हे पुरेसे आहे. वेग दाबण्याचे म्हणाल, तर २०११ पासून मुंबईतील स्त्रियांच्या संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही चळवळ चालविली, तेव्हा तिच्या नावाला हसणारेच अधिक निघाले.

आता मुलाकडे. पाच वर्षांच्या वयात साधारण १५ टक्के मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यातली दर वर्षी सुमारे १५ टक्के काही न करता बरी होतात. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या, दोघांना असेल तर ७७ टक्क्यांच्या आसपास असल्याचे १९७० च्या दशकातील पाहणीत आढळले. हात उगारणाऱ्या वडिलांनी आपल्या आईला एकदा एकांतात विचारून घ्यावे. अनेकदा अशी माहिती निघते की जी तीस वर्षे कोणी सांगितलेली नसते.

सिंटामिल आणि इमिप्रामिन यांच्या गटाचे स्थान आता मागचे आहे. ही औषधे जास्त प्रमाणात गेली तर मुलाच्या हृदयाला जीवघेणा धोका असतो. आजोबांच्या कपाटातली गोळी अर्धी करून नातवाला देण्याचा विचारही कोणी करू नये. आज डॉक्टर आधी बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग आणि मधुमेह नाही ना हे पाहतात. मूल सहा महिने कोरडे राहून पुन्हा ओले करू लागले, दिवसाही कपडे भिजू लागले, लघवी करताना दुखू लागले किंवा तहान फार वाढली, तर थांबायचे नाही. एरवी दोन उपाय पुढे असतात. एक डेस्मोप्रेसिन, ते रात्रीची लघवीच कमी करते. ते घेतल्यावर रात्री पाणी जवळजवळ बंद ठेवावे लागते, नाहीतर रक्तातील सोडियम घसरते. सहलीच्या किंवा शिबिराच्या चार रात्रींपुरते ते सोयीचे पडते.

दुसरा उपाय १९३८ मध्ये अमेरिकेत मॉवरर दांपत्याने रूढ केलेला : ओल लागताच वाजणारी घंटा. ती वापरणाऱ्या मुलांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास कोरडी होतात, आणि गोळी बंद केल्यावर त्रास परतण्याचे जे प्रमाण दिसते त्याहून घंटेनंतरचे कमी असते. तिला दोन-तीन महिने द्यावे लागतात. एका खोलीच्या घरात तिने सगळ्यांचीच झोपमोड होते, म्हणून सुरू करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना विश्वासात घ्यावे. आणि पहिले काही आठवडे घंटेने आई जागी होते, मूल नाही. आईने उठून त्याला पुरते जागे करायचे, त्याच्याच पायांनी चालवत न्यायचे आणि परत आल्यावर चादर बदलायला त्याचा हात लावून घ्यायचा.